आपांच्या बरण्या माझ्याकडे आहेत

आपा गेल्याचं प्राचीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी काय बोलले असेन? "आज? आज गॅसवाला यायचा आहे गं माझ्याकडे." माणसाच्या तोंडातून अशा वेळी काय निघेल, काही नेम नाही. प्राची म्हणजे माझी मुलगी, अकोल्यालाच असते. ती तिकडून रडत सांगत होती की आपा झोपेतच गेल्या, दुपारच्या नमाजनंतर माती आहे, तू आत्ता निघालीस तर पोचशील. अमरावतीहून अकोला काही लांब नाही. एसटी मिळते, बडनेऱ्याहून गाडी मिळते. मी उठले, कपाटातून फिकी सुती साडी काढली, पलंगावर ठेवली, तिच्याशेजारी बसले… आणि बसूनच राहिले. कोणत्या तोंडानं जाऊ, ते सुचेना. गॅसवाला आला, सिलिंडर ठेवून गेला. दुपार टळली. मग मी ती साडी पुन्हा घडी करून कपाटात ठेवून दिली. आपांच्या मातीला मी गेले नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी चांगलं चांगलं लिहीन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय मैत्री होती बाई! मैत्री होती. ती मी मोडली. आणि मोडताना जे बोलले ते अमरावतीत ज्यांच्या ज्यांच्या कानावर घातलं, त्यातले बरेच जण पेपरची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथं लिहिते आहे.

शमीम आपा अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायच्या, मी अमरावतीत जीवशास्त्र. बारावीचे पेपर तपासायच्या एका केंद्रावर आमची गाठ पडली. उन्हाळा, पंखे नुसते फिरताहेत, आणि ह्या बाई एका कोपऱ्यात बसून मोठ्यानं हसत होत्या. मला आधी रागच आला. जवळ गेले तर एका पोरानं उत्तरपत्रिकेत गणित अर्धं सोडवून खाली लिहिलं होतं, 'पुढचं येत होतं, आता आठवत नाही.' आपा म्हणाल्या, "याला एक मार्क द्यायला हवा गं, खरं बोलला म्हणून." दिला नाही अर्थात. नियमाच्या पक्क्या होत्या. दुपारी डबा उघडला तर त्यांच्याकडे लिंबाचं लोणचं, काळपट, मुरलेलं. मी दोन फोडी घेतल्या आणि तिसऱ्या फोडीला त्यांनी बरणीच माझ्याकडे सरकवली. वयानं त्या मोठ्या, म्हणून मी आपा म्हणू लागले. त्या मला पहिल्या दिवसापासून सुनंदाच म्हणायच्या, मॅडमबिडम नाही.

ती वर्षं कशी होती, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. रोज पेपरात कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं आणि तिथं कुणा शेतकऱ्यानं जीव दिला, हे बातमी न वाचताच कळायचं. त्याच वर्षांत बारावीच्या पोरांचे आईबाप कॉलेजात येऊन आमच्यापुढं उभे राहायचे. मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड., प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुठं मेरिट नंबर किती लागतो, जातीची पडताळणी कधी करून घ्यायची, क्रीमिलेअरचा कागद तहसीलमधून कधी निघतो, सोडलेली जागा परत मिळते की नाही… शहरातली माणसं यात गोंधळायची, खेड्यातल्यांचं काय घेऊन बसलात! म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं, निकाल लागला की रविवारी माझ्या घरी अमरावतीत बसायचं, आठवड्यात मधे एकदा त्यांच्या घरी अकोल्यात. ज्याला यायचं तो येईल. चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, धामणगाव, कुठून कुठून माणसं यायची. चपला दाराबाहेर मावायच्या नाहीत. आपांची एक सवय होती. कुणी बसायच्या आधी त्या टेबलावरचा पेपर उचलून उलटा करून ठेवायच्या. समोर बसणाऱ्याच्या गावाचं नाव त्यात असेल, म्हणून.

येणाऱ्या प्रत्येक बापाचं म्हणणं एकच. चांदूर रेल्वेकडचे एक गृहस्थ तर दारातूनच हात जोडून म्हणाले होते, "मॅडम, पोट्ट्याले काईबी द्या, फक्त ज्याच्यात शेती नाई असं द्या." मी लगेच कट-ऑफचे कागद काढायला बसायची. मला वाटायचं, नंबर पाहायचा, जागा पाहायची, सांगून मोकळं व्हायचं. आपा कागदाला हातच लावायच्या नाहीत. आधी पोराकडे बघायच्या. मग बापाकडे वळून म्हणायच्या, "भाऊ, उन्हातून आले तुमी, शरबत करतो न. पन लिंबं संपले बाप्पा. तेवढे कोपऱ्यावरून आनता का?" आई सोबत असली तर तिला मागच्या अंगणात पुदिना निवडायला बसवायच्या. बाप बिचारा पिशवी घेऊन निघायचा. तो दिसेनासा झाला की आपा खुर्ची पुढं ओढायच्या आणि पोराला विचारायच्या, "हां, आता सांग. तुले काय करायचं हाये?"

पोरं बोलायची हो. आईबापासमोर मुंडी हलवणारी तीच पोरं घडाघडा बोलायची. चांदूर बाजारचा एक मुलगा, त्याचे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यांना वाटायचं यानं डी.एड. करून मास्तर व्हावं. पोरगा लिंबं येईपर्यंत आर्किटेक्चरवर बोलला, आणि वहीच्या मागच्या पानावर त्यानं आपांच्या घराचा जिना काढून दाखवला. अब्बा लिंबं घेऊन आले. आपांनी ती हातात घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पाहा भाई, मी सांगून राहिली. याले डी.एड.ले टाकू नका. आर्किटेक्चरले टाका. माझी जबाबदारी." अब्बा खवळले. उर्दूत काय काय बोलले. पोरगा मान खाली घालून बसला होता, त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळा राग आपांवर. शरबत पिऊन ते रागारागात गेले, पण पोराला पाठवलं त्यांनी तिकडेच.

मी आपांना म्हटलं, "तुम्ही कशाला शिव्या खाता फुकटच्या? पोरालाच बोलू द्यायचं होतं." आपा लिंबं धूत होत्या. "अगं, पोराला त्या घरात राहायचं आहे. रोज त्यांच्यासोबत जेवायचं आहे. मला थोडंच जेवायचं आहे त्यांच्याकडे! माझ्या नावावर फाडू दे बिल." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरांनाही हेच सांगायच्या, "घाबरू नको, माझ्या नावावर फाड." किती घरांत त्या वाईट झाल्या असतील! आणि लिंबं इतकी जमायची की विचारू नका. प्रवेश संपले की त्या सगळ्या लिंबांचं लोणचं घालायच्या, चिनी मातीच्या छोट्या बरण्यांत भरायच्या आणि ओळखीत वाटायच्या. मी म्हणायची, "हे बापांना फसवून घातलेलं लोणचं आहे." त्या म्हणायच्या, "म्हणून तर चव आहे."

आता प्राचीचं.

माझे यजमान प्राची शाळेत असतानाच गेले. दवाखान्यात बरेच दिवस होते. त्या दिवसांत एक तरुण डॉक्टरीण रोज येऊन मला समजावून सांगायची, काय चाललं आहे, काय होऊ शकतं. बाकी कुणी नीट बोलतच नव्हतं. तेव्हाच मी मनात धरलं, माझी पोरगी डॉक्टर होणार. प्राचीला विचारलं होतं का? विचारायचं काय त्यात! पोरगी हुशार होती, माझाच विषय तिचा आवडीचा होता. बारावीला तिला असे मार्क पडले, सीईटीत असा नंबर आला की यवतमाळला सरकारी मेडिकलची जागा समोर दिसत होती. मी पेढे वाटले. आख्ख्या कॉलनीत वाटले.

त्यानंतरच्या एका रविवारी आपा आल्या होत्या. लोक अजून यायचे होते. प्राची पाणी घेऊन आली. आपांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सुनंदा, लिंबं संपली गं." माझ्या घरात, माझ्या स्वैपाकघरातली लिंबं! मी म्हटलं, फ्रिजमध्ये असतील. "ती वाळली आहेत, मी पाहिलं. चांगली पातळ सालीची आण, इतवाऱ्यातून." आणि मी गेले. इतकी वर्षं आपांच्या शेजारी बसून ज्या बिचाऱ्या बापांना लिंबांना पिटाळताना पाहिलं, मनातल्या मनात हसले, तीच मी पिशवी घेऊन कुरकुरत इतवाऱ्यात गेले. आपल्यालाच लिंबांना पाठवलं आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. कसं कळणार? ते दुसऱ्यांच्या घरचं असतं ना! भाजीबाजारात पानांचा, सालींचा चिखल असतोच. पाय सटकला, घोट्याचं हाड मोडलं. रिक्षावाल्यानं दोघांच्या मदतीनं घरी आणून सोडलं तेव्हा पिशवी माझ्या हातातच होती. आपांनी ती पाहिली आणि रडायलाच लागल्या. "मी पाठवलं नसतं तर…" मी म्हटलं, "अहो, पाय माझा मोडला, तुम्ही काय रडता?"

पाय प्लास्टरमध्ये, आणि तोवर मेडिकलच्या प्रवेशाची तारीख आली. तेव्हा आजच्यासारखं मोबाइलवर नव्हतं. केंद्रावर जायचं, हॉलमध्ये बसायचं, माइकवर मेरिट नंबर पुकारला की मुलानं आणि एका पालकानं टेबलाशी जायचं, उरलेल्या जागा पाहून तिथल्या तिथं सांगायचं. मला जाणं शक्य नव्हतं. मी आपांनाच म्हटलं, "तुम्ही जा तिच्यासोबत. तुमच्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?" आपा पटकन हो म्हणाल्या नाहीत. "दुसरं कुणी नाही का गं?" असं दोनदा विचारलं. मीच हट्ट धरला. हे मी विसरले होते इतकी वर्षं. आता रोज आठवतं.

दोघी संध्याकाळी परत आल्या. मी पलंगावर पाय उंच ठेवून बसले होते, ताटलीत साखर काढून ठेवलेली, पोरीच्या तोंडात घालायला. आपा पुढं, प्राची मागं. आपा उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "सुनंदा, जागा सोडली. मी सोडायला लावली. प्राची अकोल्याला अॅग्रीला जाते आहे." मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. अॅग्री! शेती! जगातले सगळे बाप माझ्या बैठकीत येऊन जे नको म्हणत होते, ते! मेडिकलची जागा हातात असताना! मी काय काय बोलले, सगळं लिहीत नाही. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंत" हे बोलले. "निघा माझ्या घरातून" हेही बोलले. प्राचीनं तोंड उघडलं, "आई, अगं मी…" आणि आपांनी मागच्या मागं हात नेऊन तिचं मनगट दाबलं.

ते मी पाहिलं. आपांच्या पदराखालून मागं गेलेला हात मला अगदी स्वच्छ दिसला. आणि त्या हाताचा अर्थ अख्ख्या अमरावती जिल्ह्यात माझ्याइतका कुणाला कळला असता? माझ्या नावावर फाड. मला त्याच क्षणी कळलं की हे पोरीचं आहे, आपांचं नाही. कळलं, आणि मी ते कळून घेतलं नाही. पोरीवर रागावले असते तर मला राहायचं होतं त्या पोरीसोबत. एवढी एकच होती माझी. आपांवर रागावणं सोपं होतं. त्या अकोल्याच्या गाडीनं निघून जाणार होत्या, आणि त्या गेल्याही… त्या रविवारची लिंबं तशीच माझ्या परडीत वाळत राहिली.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. घरातलं भांडण घरात राहिलं असतं. पण मी थांबले नाही. पेढे वाटले होते ना, आता प्रत्येक घरी उत्तर द्यावं लागत होतं. मी सगळीकडे सांगत सुटले. स्टाफरूममध्ये, भाजीवाल्याच्या गाडीशी, लग्नाच्या मांडवात. "आमच्या आपांनी पोरीचं डोकं फिरवलं." एक दिवस स्टाफरूममध्ये एक सहकारी मला म्हणाल्या, "चूक तुमचीच आहे, सुनंदाताई. त्या लोकांना आपल्या पोरांचं चांगलं झालेलं बघवत नाही. विश्वास कशाला टाकायचा?" मी चहा ओतत होते. मी ओतत राहिले. कप भरले, साखर किती विचारलं. ज्या बाईनं आपली सगळी उन्हाळी सुट्टी कुणाकुणाच्या पोरांसाठी घालवली, माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला जिनं पंगतीत वाढलं, तिच्याबद्दल हे बोललं गेलं आणि मी साखर विचारली. पुढं तेच वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून फिरून माझ्या कानावर आलं, आणि आता तर ते 'सुनंदाताईंचा अनुभव आहे' म्हणून सांगितलं जात होतं. अमरावतीची माणसं आपांकडे जायची बंद झाली. अकोल्यातलीही काही कमी झाली, असं मला नंतर समजलं.

रविवारी मी माझ्या घरी बसायची पुढंही. एकटी. लिंबांना मात्र कुणाला पाठवलं नाही, त्या गोष्टीचाच मला संताप होता. आईबापांसमोरच पोरांना विचारायची, "काय रे, करशील ना इंजिनिअरिंग?" पोरं हो म्हणायची. एकदा एक मुलगी, तिनं हो म्हणायच्या आधी दाराकडे पाहिलं, उगाच, क्षणभर. मग म्हणाली, "हो मॅडम." मी तिचे पसंतीक्रम भरून दिले. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. अशी किती जण माझ्या बैठकीत हो म्हणून गेली, तेही माहीत नाही.

प्राची अकोल्यात शिकली. सुट्टीच्या दिवशी आपांकडे जेवायची, हे मला ठाऊक होतं. मी विचारायची नाही, ती सांगायची नाही. दिवाळीला आली की पिशवीतून बरणी काढायची. "आपांनी दिलंय." मी म्हणायची, "ठेव तिकडे." आणि ती परत गेली की काढून खायची. हसू नका. राग होता, पण लोणचं खाल्लं मी, दरवर्षी, शेवटच्या फोडीपर्यंत. प्राची निघताना विचारायची, "आई, बरणी दे ना, जाताना नेते." आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, वड्या, तीळ, निदान मूठभर साखर. मी म्हणायची, "थांब, रिकामी कशी देऊ, काहीतरी भरून देईन पुढच्या वेळी." पण भरून देणं म्हणजे बोलणं झालं असतं. भरून द्यायचं आणि सोबत काहीच सांगायचं नाही, असं कसं जमणार? म्हणून मी बरण्या धुवायची, उन्हात वाळवायची आणि माळ्यावर ठेवायची. एकीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी.

प्राचीला नोकरी लागली, ती गावोगाव फिरून माती तपासून द्यायचं काम करू लागली, तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, "आई, आज सांगतेच. आपांनी मला काही सांगितलं नव्हतं. बाबांपासून मला दवाखान्याचा वास सहन होत नाही. तुला सांगायची हिंमत नव्हती. त्या दिवशी तू लिंबं आणायला गेलीस ना, तेव्हा त्यांना सांगितलं. त्या उलट मला म्हणाल्या होत्या की आईशी बोल, मी मदत करते. मीच रडले, म्हटलं नको…" मी भाकरीचा तुकडा मोडत होते. म्हटलं, "माहीत आहे मला." "कधीपासून?" "त्या संध्याकाळपासून." पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग?"

जाऊ आपांकडे म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात पाय दुखतो, हिवाळ्यात कॉलेज. निवृत्त झाल्यावर तर कसलीच सबब उरली नव्हती, तरी गेले नाही.

शेवटचं भेटलो ते धामणगावला, एका लग्नात. आमच्या दोघींकडे बैठकीला येऊन गेलेल्या एका जुन्या पोराचं लग्न. मी जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी. पलीकडच्या खुर्चीवरून, एवढ्या माणसांतून, वाजंत्री चालू असताना आवाज आला, "काय व सुनंदा, पाय दुखते का अजून?" आपा! वाळून गेल्या होत्या, साखरेनं पार खाऊन टाकलं होतं, पण आवाज तोच. मुद्दाम वऱ्हाडीत, मला चिडवायला, कारण मी स्टाफरूममध्ये शुद्ध बोलते म्हणून त्या नेहमी हसायच्या. इतक्या वर्षांनी बाईनं मला काय विचारावं? पाय. मी जवळ गेले. म्हटलं, "थंडीत दुखतो." त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली. मी बसले. आजूबाजूला पोरं, पाहुणे, कुणीतरी नमस्कार करत होतं… मी एवढंच म्हणाले, "आपा, तुमच्या बरण्या माझ्याकडे आहेत. आणून देईन." त्या हसल्या. "घाई नाही गं." मग त्यांचे यजमान हनीफभाई आले, गाडीची वेळ झाली म्हणाले. एक वाक्य बोलायचं होतं मला. 'मला तेव्हाच कळलं होतं', एवढंच. खुर्चीला खुर्ची लागून बसलो होतो. नाही बोलले.

मातीला गेले नाही, पण नंतर घरात बसवेना. माळ्यावरून सगळ्या बरण्या काढल्या. धुतल्या, पुसल्या. एकीत मुगवड्या भरल्या, एकीत गव्हाचे सरगुंडे, एकीत तीळ, एकीत प्राचीनं आणलेली तूरडाळ. इतक्या वर्षांचं एकदम भरायचं म्हणजे घरातलं सगळं संपलं. पिशव्या घेऊन परवा अकोल्याला गेले. प्राची स्टँडवर आली होती, तिनं एक पिशवी माझ्या हातातून घेतली.

आपांची बैठक तशीच आहे. ते टेबल, ती पोराची खुर्ची खिडकीशी. टेबलावर पेपर उलटा ठेवलेला. हनीफभाईंना सवयच लागून गेली असणार. जुन्या कापड बाजारातलं दुकान मुलाकडे देऊन ते आता घरीच असतात. मी एकेक बरणी टेबलावर मांडली. म्हटलं, "भाई, मी फार उशीर केला. मला आपांना सांगायचं होतं…" हनीफभाईंनी एक बरणी उचलली, झाकण उघडून तीळ पाहिले, पुन्हा लावलं.

"सुनंदाबाई, लोक येऊन तिले तुमच्याबद्दल सांगत होते. तुमी काय काय बोलून राहिल्या म्हणून," ते म्हणाले. "थे काय म्हने सांगू? म्हने, माझ्या बरण्या तिच्या घरी हायेत. सुनंदाले खरंच राग असता तं तिनं कवाच परत केल्या असत्या. देऊन टाकलं म्हंजे संपलं. परत नाई करून राहिली, म्हंजे तिले इथं याचं हाये."

मी रडले. त्यांच्यासमोर, पोरीसमोर, तोंडावर पदर घेऊन रडले. मी लाजेनं ठेवलेल्या बरण्यांचा त्या बाईनं असा अर्थ लावला होता, आणि त्या अर्थावर ती इतकी वर्षं माझी वाट पाहत राहिली. मी भरून नेल्या तेव्हा घेणारं कुणी नव्हतं. हनीफभाईंनी शरबत केलं. साखर जास्त पडली होती. आम्ही तिघांनी ते तसंच प्यायलं.

तर ज्यांना मी सांगितलं होतं त्या सगळ्यांना आता सांगते. शमीम आपांनी माझ्या मुलीला काहीही शिकवलं नव्हतं. निर्णय मुलीचा होता, चांगला होता, आणि मला तो त्याच दिवशी कळला होता. स्टाफरूममध्ये जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि मी चहा ओतत होते. आपांच्या नावावर जे फाडलं, ते बिल माझं आहे.

सगळ्या बरण्या परत केल्या असं वर वाचून वाटेल, ते पूर्ण खरं नाही. एक माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी प्राचीसोबत आलेली, शेवटची. तिच्यात तळाशी दोन फोडी आणि थोडा खार उरला आहे. संपली की धुवावी लागेल, भरून परत द्यावी लागेल. म्हणून जेवायला बसते तेव्हा ती जवळ ओढते आणि झाकण न उघडता पुन्हा ओट्यावर ठेवून देते.